कोल्चिसीन : गाउटवरील जुन्या औषधाचा नवा वापर

पायाच्या अंगठ्याचा सांधा मध्यरात्री अचानक सुजावा, लालबुंद व्हावा आणि त्यावर पांघरुणाचा स्पर्शही सहन होऊ नये, ही गाउटच्या झटक्याची जुनी ओळख आहे. त्यावर दिली जाणारी कोल्चिसीनची गोळी ही आजही वापरात असलेल्या सर्वांत जुन्या औषधांपैकी एक. जून २०२३ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने याच औषधाची अर्ध्या मिलिग्रॅमची गोळी हृदयविकाराच्या रुग्णांना देण्यास मान्यता दिली. रक्तवाहिन्यांतील दाह कमी करून हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांचा धोका घटविण्यासाठी तेथे मान्यता मिळालेले हे पहिलेच औषध होते. कॅनडाने तशी परवानगी २०२१ मध्येच दिली होती. मात्र २०२४ च्या अखेरीस सात हजारांहून अधिक रुग्णांवरील एका चाचणीचा निकाल जाहीर झाला आणि त्यात या गोळीचा हृदयाला काहीही लाभ झाल्याचे दिसले नाही.

एका आजारासाठी वापरात असलेले औषध दुसऱ्या आजारावर लागू पडते का, याचा शोध घेणे ही वैद्यकशास्त्रातील रुळलेली वाट आहे. नवा रेणू शोधून तो बाजारात आणण्यास दहा-पंधरा वर्षे आणि अफाट पैसा लागतो. जुन्या औषधाची मात्रा ठाऊक असते, दुष्परिणाम नोंदलेले असतात, स्वामित्वहक्काची मुदत संपलेली असल्याने किंमतही कमी असते. विशेषतः रोगप्रतिकारक पेशी आणि दाह यांच्यावर काम करणाऱ्या औषधांच्या बाबतीत ही वाट मोह पाडणारी ठरते. सांध्यातील सूज, आतड्याचे व्रण, हृदयाच्या रोहिणीतील साका असे वरकरणी वेगळे दिसणारे आजार पेशींच्या पातळीवर एकाच भट्टीतून निघालेले असू शकतात. कोल्चिसीनच्या कहाणीत या वाटेवरचे यश आणि अपयश दोन्ही ठळकपणे दिसतात.

कळलावीची भावंडे

युरोपात शरद ऋतूत जांभळट फुले देणाऱ्या कोल्चिकम या कंदवर्गीय वनस्पतीपासून हे औषध मिळाले. काळ्या समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरील, आजच्या जॉर्जियातील कोल्किस या प्राचीन प्रदेशावरून तिला हे नाव पडले. सहाव्या शतकात ट्रॅलिसच्या अलेक्झांडर या वैद्याने सांधेदुखीवर तिच्या कंदाचा वापर नोंदविला आहे. अरब वैद्यांनी आणि पुढे युनानी परंपरेने तिच्या भावंडाला सुरंजान म्हणून औषधांत स्थान दिले. हे सुरंजान काश्मीरकडील पश्चिम हिमालयात उगवते.

महाराष्ट्रातील वाचकाला मात्र कोल्चिसीनची ओळख वेगळ्या रूपात आधीच असते. पावसाळ्यात सह्याद्रीच्या कुंपणांवर आणि झुडपांवर चढणारी, पानांच्या टोकांनी आधार पकडणारी, खाली पिवळी आणि वर लाल अशी ज्वाळेसारखी फुले मिरविणारी कळलावी याच कुळातील आहे. काही भागांत तिला खड्यानाग, तर संस्कृतात लांगली म्हणतात. आयुर्वेदाने तिची गणना उपविषांत केली आहे. तिच्या कंदात आणि बियांत कोल्चिसीन भरपूर असते. तामिळनाडूत दिंडिगुल, तिरुप्पूर, करूर या भागांतील शेतकरी बियांसाठी तिची लागवड करतात आणि या बिया परदेशी औषध कारखान्यांना जातात. रताळे किंवा कोनफळ समजून तिचा कंद खाल्ल्याने विषबाधा झाल्याच्या नोंदी भारत आणि श्रीलंकेतील वैद्यकीय नियतकालिकांत वारंवार आढळतात.

युरोपात हे औषध मधली अनेक शतके विषाच्या भीतीने मागे पडले होते. १७६३ मध्ये व्हिएन्नातील अँटोन फॉन श्टॉर्क यांनी त्याला पुन्हा वैद्यकात आणले. पुढे निकोलस ह्युसाँ या फ्रेंच लष्करी अधिकाऱ्याचे गुप्त पाठाचे 'औषधी पाणी' गाउटवर रामबाण म्हणून खपू लागले. त्यातला गुणकारी घटक कोल्चिकम असल्याचे १८१४ मध्ये इंग्लंडमध्ये उघड झाले. १८२० मध्ये पेलेटिए आणि कावँतू या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी कंदातून अल्कलॉइड वेगळे केले. सिंकोनाच्या सालीतून क्विनीन त्यांनी काढले तेही त्याच वर्षी. १८३३ मध्ये गायगर यांनी त्याला आजचे नाव दिले. तरीही ते नेमके करते काय, हे पुढची सव्वाशे-दीडशे वर्षे कोणालाच सांगता येत नव्हते.

पेशीच्या सांगाड्यावर घाला

उत्तर आले ते वनस्पतिशास्त्र आणि पेशीशास्त्राच्या बाजूने. कोल्चिसीनमुळे पेशीचे विभाजन मध्येच अडते आणि गुणसूत्रांची संख्या दुप्पट होते, हे १९३७ मध्ये ब्लेकस्ली यांनी वनस्पतींवर दाखविले. बाजारात मिळणारी बिनबियांची कलिंगडे याच युक्तीची फळे. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रे असतात ही आज शाळेत शिकविली जाणारी गोष्टही १९५६ मध्ये त्यो आणि लेव्हान यांनी कोल्चिसीनने थोपविलेल्या पेशी मोजूनच नक्की केली. १९६७ मध्ये अमेरिकेतील गॅरी बोरिसी आणि एडविन टेलर हे कोल्चिसीन पेशीतील कोणत्या प्रथिनाला चिकटते याचा माग काढत होते. त्यातून जे प्रथिन हाती लागले त्याला पुढे ट्युब्युलिन हे नाव मिळाले.

ट्युब्युलिनचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन पेशीच्या आत अतिसूक्ष्म नळ्या तयार होतात. पेशीला आकार देणे, तिच्यातील मालाची ने-आण करणे आणि विभाजनाच्या वेळी गुणसूत्रे ओढणे ही कामे या नळ्या करतात. कोल्चिसीन ट्युब्युलिनला चिकटते, तशी जोडी नळीच्या टोकाशी बसते आणि नळीची वाढ खुंटते.

मग थोड्या मात्रेत घेतलेले औषध सर्वच पेशींना का अपंग करीत नाही? याचे एक कारण असे की, अनेक पेशींच्या आवरणावर नको असलेली रसायने बाहेर फेकणारा एक पंप असतो. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींमध्ये तो फारच कमी असतो. त्यामुळे कोल्चिसीन त्यांच्या आत साचत जाते आणि तेथील त्याचे प्रमाण रक्तद्रवातील प्रमाणाच्या कितीतरी पट होते. न्यूट्रोफिल ही शरीराची पहिली फळी. जंतू किंवा इजा दिसताच रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून, तिच्यातून वाट काढून त्या घटनास्थळी पोचतात आणि तेथे जहाल रसायने सोडतात. कोल्चिसीनमुळे त्यांचे चिकटणे, सरकणे आणि रसायने सोडणे तिन्ही मंदावते.

दुसरा धागा २००६ मध्ये हाती आला. गाउटमध्ये युरिक अ‍ॅसिडचे सुईसारखे स्फटिक सांध्यात साचतात. भक्षक पेशी हे स्फटिक गिळतात तेव्हा त्यांच्या आत अनेक प्रथिने एकत्र येऊन एक यंत्रणा उभी राहते. तिला इन्फ्लमॅसोम म्हणतात. ही यंत्रणा इंटरल्युकिन-१ बीटा या दाहक संदेशवाहकाला कार्यान्वित करते आणि मग ताप, सूज, ठणका हे सारे ओघाने येते. स्वित्झर्लंडमधील युर्ग चॉप यांच्या गटाने ही साखळी उलगडली आणि कोल्चिसीन दिल्यास ती तुटते हेही दाखविले. गाउटची गोळी वेदनाशामक नाही आणि युरिक अ‍ॅसिडही कमी करीत नाही, मग गुण कसा येतो, या जुन्या कोड्याचा हा उलगडा होता.

गाउटच्या पलीकडे पहिले पाऊल

औषधाची कार्यपद्धती समजण्याच्या कितीतरी आधी त्याचा दुसरा उपयोग सापडला होता. भूमध्य समुद्राच्या आसपासच्या ज्यू, आर्मेनियन, तुर्क आणि अरब कुटुंबांत एक आनुवंशिक आजार आढळतो. त्यात दर काही आठवड्यांनी ताप चढतो, पोटात किंवा छातीत असह्य दुखते आणि दोन-तीन दिवसांत सारे आपोआप निवळते. अनेक रुग्णांची अपेंडिक्स समजून विनाकारण शस्त्रक्रिया होत असे. याहून वाईट म्हणजे वर्षानुवर्षांच्या दाहामुळे मूत्रपिंडात अमिलॉइड नावाचे प्रथिन साचून ती निकामी होत आणि रुग्ण ऐन उमेदीत दगावत.

१९७२ मध्ये बोस्टनचे डॉ. स्टीफन गोल्डफिंगर यांनी एका वैद्यकीय नियतकालिकाला छोटेसे पत्र लिहून कळविले की, रोज कोल्चिसीन दिल्यास हे झटके थांबतात. तुर्कस्तानातूनही त्याच वर्षी तसाच अनुभव नोंदविला गेला. दोनच वर्षांत अमेरिका आणि इस्रायलमधील नियंत्रित चाचण्यांनी त्यास दुजोरा दिला. इस्रायलमधील डॉक्टरांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास तर या औषधाच्या इतिहासातील सर्वांत लखलखीत पान म्हणावा लागेल. सुरुवातीला मूत्रपिंडाचा विकार नसलेल्या ९६० रुग्णांपैकी नियमित गोळी घेणाऱ्या केवळ चौघांच्या लघवीत प्रथिने दिसू लागली. गोळी नियमित घेत नसल्याचे कबूल करणाऱ्या ५४ जणांपैकी मात्र १६ जणांना हा त्रास सुरू झाला. या आजाराचे जनुक सापडले ते त्यानंतर अकरा वर्षांनी, १९९७ मध्ये. ते ज्या प्रथिनाचे आहे ते पायरिनही इन्फ्लमॅसोमच्याच घराण्यातील निघाले. म्हणजे कारण कळण्याच्या पाव शतक आधीपासून उपचार चालू होता.

यानंतरचा टप्पा हृदयाच्या आवरणाचा. या आवरणाला दाह झाला की छातीत कळा येतात. रुग्ण बरा होतो, पण अनेकांना तोच त्रास पुन्हा पुन्हा उद्भवतो. १९८७ मध्ये स्पेनमधील डॉक्टरांनी अशा मोजक्या रुग्णांना कोल्चिसीन देऊन पाहिले. पुढे इटलीचे डॉ. मास्सिमो इमाझिओ यांनी या प्रश्नाचा चिकाटीने पाठपुरावा केला. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत २४० रुग्ण होते. नेहमीच्या उपचारांसोबत कोल्चिसीन घेणाऱ्यांपैकी १६.७ टक्के रुग्णांचा त्रास रेंगाळला किंवा उलटला, तर निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांमध्ये हेच प्रमाण ३७.५ टक्के होते. तेव्हापासून हे औषध या विकाराच्या पहिल्या फळीतील उपचारांत मोडते. भारतापुरते एक लक्षात ठेवायला हवे. आपल्याकडे हृदयावरणाच्या दाहाचे क्षयरोग हे एक मोठे कारण आहे आणि क्षयाचे रुग्ण या चाचणीत घेतलेच नव्हते.

रोहिणीतील स्फटिक

हृदयाच्या रोहिणीत कोलेस्टेरॉल साचून ती अरुंद होते, ही समजूत नळात गाळ साचण्यासारखी सोपी आहे आणि म्हणूनच लोकप्रियही. प्रत्यक्षात रोहिणीच्या भिंतीत साचलेले कोलेस्टेरॉल पांढऱ्या पेशींना तेथे बोलावते, त्या ते गिळून फुगतात, तेथेच मरतात आणि ठिकाण धगधगत राहते. झटका बहुधा तेव्हा येतो, जेव्हा या साक्यावरचा पापुद्रा फाटून रक्ताची गाठ धरते. हा मूलतः दाहाचा आजार आहे, हे मत अमेरिकेचे डॉ. रसेल रॉस यांनी १९९९ मध्ये ठामपणे मांडले. २०१० मध्ये आणखी एक दुवा सापडला. रोहिणीतील कोलेस्टेरॉलचेही स्फटिक होतात आणि ते युरिक अ‍ॅसिडच्या स्फटिकांप्रमाणेच इन्फ्लमॅसोम चेतवितात. अंगठ्याचा सांधा आणि हृदयाची रोहिणी यांचे नाते असे जुळले.

हा तर्क खरा आहे का, याची पहिली मोठी कसोटी एका महागड्या नव्या औषधाने घेतली. इंटरल्युकिन-१ बीटाला निष्प्रभ करणाऱ्या कॅनाकिनुमॅब या इंजेक्शनची १०,०६१ रुग्णांवरील चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. कोलेस्टेरॉलला हातही न लावता या औषधाने हृदयविकाराच्या घटना सुमारे १५ टक्क्यांनी घटविल्या. तर्क सिद्ध झाला, पण प्राणघातक जंतुसंसर्गाचे प्रमाणही वाढले. अमेरिकेच्या प्रशासनाने २०१८ मध्ये या वापरास परवानगी नाकारली. शिवाय त्याची किंमत सामान्य रुग्णाच्या आवाक्याबाहेरची होती.

साहजिकच संधिवातावर अनेक दशके दिल्या जाणाऱ्या स्वस्त मेथोट्रेक्सेटकडे नजरा वळल्या. ४,७८६ रुग्णांवरील चाचणीचा निकाल २०१८ मध्ये आला. मेथोट्रेक्सेटने इंटरल्युकिन तर कमी झालेच नाही, हृदयविकाराच्या घटनाही घटल्या नाहीत. दोन्ही औषधे दाहशामकच, तरी एक लागू पडले आणि दुसरे पडले नाही. 'दाह' हा एक शब्द असला तरी त्यामागील साखळ्या अनेक आहेत आणि औषध नेमकी कोणती साखळी तोडते यावर सारे अवलंबून असते, हे त्यातून अधोरेखित झाले.

चाचण्यांचे उलटसुलट कौल

कोल्चिसीनची हृदयविकारातील चाचपणी ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे डॉ. मार्क निडॉर्फ यांनी सुरू केली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पहिल्या अभ्यासात ५३२ रुग्ण होते. रोज अर्धा मिलिग्रॅम कोल्चिसीन घेणाऱ्यांपैकी ५.३ टक्के, तर न घेणाऱ्यांपैकी १६ टक्के रुग्णांना हृदयाची गंभीर तक्रार उद्भवली. फरक विश्वास बसू नये इतका मोठा होता. शिवाय कोणाला औषध मिळते आहे हे रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही ठाऊक होते. अशा निकालांकडे संशयाने पाहणे हेच शहाणपणाचे असते आणि वैद्यकविश्वानेही तेच केले.

त्यानंतर मॉन्ट्रियल येथील डॉ. झाँ-क्लोद तार्दिफ यांची चाचणी झाली. हृदयविकाराचा झटका येऊन तीस दिवसही न झालेल्या ४,७४५ रुग्णांना चिठ्ठी पद्धतीने औषध किंवा तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी देण्यात आली. २०१९ मधील निकालानुसार औषध घेणाऱ्यांपैकी ५.५ टक्के आणि दुसऱ्या गटातील ७.१ टक्के रुग्णांच्या बाबतीत मृत्यू, पुन्हा झटका, पक्षाघात यांसारख्या घटना घडल्या. २०२० मध्ये निडॉर्फ यांच्या दुसऱ्या, ५,५२२ रुग्णांच्या चाचणीत हे प्रमाण ६.८ आणि ९.६ टक्के आढळले. धोका जवळपास एकतृतीयांशाने घटला होता. अमेरिकेतील मान्यता मिळाली ती प्रामुख्याने या चाचणीच्या बळावर.

मात्र त्याच आकडेवारीत काही खडे होते. मॉन्ट्रियलच्या चाचणीत औषध घेणाऱ्यांना न्यूमोनिया होण्याचे प्रमाण ०.९ टक्के, तर इतरांमध्ये ०.४ टक्के होते. निडॉर्फ यांच्या दुसऱ्या चाचणीत हृदयविकाराखेरीज अन्य कारणांनी झालेले मृत्यू औषधाच्या गटात किंचित अधिक होते. हा फरक योगायोगाचा असू शकेल इतपतच होता, तरी तो नजरेआड करण्याजोगा नव्हता. ऑस्ट्रेलियातील ७९५ रुग्णांच्या आणखी एका चाचणीत वर्षभरात औषधाच्या गटात आठ, तर दुसऱ्या गटात एक मृत्यू झाला.

कॅनडातील हॅमिल्टन येथील संशोधकांच्या नेतृत्वाखालील ७,०६२ रुग्णांच्या चाचणीचा निकाल २०२४ मध्ये आला तो या पार्श्वभूमीवर. झटका आल्यानंतर लगेच उपचार सुरू केलेल्या या रुग्णांत औषधाच्या गटात ९.१ टक्के आणि निष्क्रिय गोळीच्या गटात ९.३ टक्के लोकांच्या बाबतीत गंभीर घटना घडल्या. म्हणजे फरक जवळजवळ शून्य. रक्तातील दाहाची खूण असणारे सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रथिन मात्र कोल्चिसीनमुळे घटले होते. दाहाचा मापदंड सुधारला म्हणून रुग्णाचे भवितव्य सुधारतेच असे नाही, हे त्यातून दिसले. त्याच वर्षी पक्षाघाताच्या रुग्णांवरील दोन चाचण्यांचेही निकाल लागले. चीनमधील ८,३४३ रुग्णांत लाभ दिसला नाही. युरोपातील ३,१५४ रुग्णांत कल लाभाकडे होता, पण तो निर्णायक ठरला नाही.

या विसंगतीची अनेक स्पष्टीकरणे दिली गेली. हॅमिल्टनची चाचणी कोविडच्या काळातून गेली, तिच्यातील सुमारे चौथा हिस्सा रुग्णांनी गोळी मध्येच सोडली, औषधाची मात्राही चाचणी चालू असताना बदलली गेली. झटक्यानंतरचे पहिले काही दिवस हृदयाच्या जखमेच्या डागडुजीचे असतात. त्या वेळी दाह दडपून उपयोग नाही, वर्षानुवर्षे धुमसणाऱ्या स्थिर विकारातच औषधाला वाव आहे, असेही एक मत आहे. ते पटण्याजोगे आहे, परंतु मॉन्ट्रियलचे रुग्णही ताज्या झटक्याचेच होते, हे त्याच्या आड येते. सर्व चाचण्या एकत्र मोजणारी विश्लेषणे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांनुसार हॅमिल्टनचा निकाल धरूनही पुन्हा झटका किंवा पक्षाघात येण्याचे प्रमाण कोल्चिसीनमुळे घटते, मात्र एकूण मृत्यू कमी झाल्याचे दिसत नाही.

कोविडमधील घाई

जुन्या औषधांकडे जगाने सर्वाधिक आशेने पाहिले ते २०२० मध्ये. कोविडचे रुग्ण विषाणूइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, स्वतःच्या बेफाम दाहामुळे दगावत होते. ब्रिटनमधील 'रिकव्हरी' या महाचाचणीने जून २०२० मध्ये डेक्सामेथासोन या स्वस्त स्टेरॉइडचा निकाल जाहीर केला. व्हेंटिलेटरवरील रुग्णांचे मृत्यू त्याने सुमारे एकतृतीयांशाने घटविले होते. या निकालानंतर थोड्याच काळात जगभरातील उपचारपद्धती बदलली.

त्याच चाचणीत कोल्चिसीनलाही संधी मिळाली. तर्काने पाहता तेही तितकेच आश्वासक होते आणि जानेवारी २०२१ मध्ये कॅनडातील एका अभ्यासाच्या प्रसिद्धिपत्रकाने अपेक्षा उंचावल्या होत्या. 'रिकव्हरी'मध्ये ११,३४० रुग्णांवर ते तपासले गेले. औषध मिळालेल्यांपैकी २१ टक्के रुग्ण २८ दिवसांत दगावले, न मिळालेल्यांपैकीही २१ टक्केच. इतक्या मोठ्या संख्येपुढे वाद उरला नाही. एकाच रुग्णालयांत, एकाच पद्धतीने तपासलेल्या दोन जुन्या दाहशामक औषधांपैकी एकाने हजारोंचे प्राण वाचविले आणि दुसऱ्याने एकाचाही नाही. कोणते औषध कोणत्या बाजूला पडणार हे आधी कोणालाही सांगता आले नसते.

मात्रा आणि विष

कोल्चिसीन जुने आहे म्हणून ते निरुपद्रवी आहे, ही समजूत धोक्याची आहे. उपयोगी मात्रा आणि घातक मात्रा यांतील अंतर फार थोडे आहे. मात्रा वाढली की आधी उलट्या आणि जुलाब होतात, मग एक-दोन दिवस बरे वाटल्यासारखे होते आणि त्यानंतर अस्थिमज्जा, मूत्रपिंड, यकृत, हृदय एकामागून एक कोलमडतात. जगले-वाचलेल्यांचे केस काही दिवसांनी झडतात. बाजारात मिळणारा उतारा नाही आणि डायलिसिसनेही औषध शरीराबाहेर निघत नाही.

गाउटमध्ये जुलाब लागेपर्यंत दर तासाला गोळी देण्याची पद्धत अनेक वर्षे प्रचलित होती. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत तासाभरात एकूण १.८ मिलिग्रॅम आणि सहा तासांत ४.८ मिलिग्रॅम अशा दोन पद्धतींची तुलना झाली. गुण सारखाच आला. जुलाब मात्र कमी मात्रेत २३ टक्के, तर जास्त मात्रेत ७७ टक्के रुग्णांना झाले. म्हणजे पिढ्यान् पिढ्या रुग्णांनी भोगलेला त्रास बव्हंशी अनाठायी होता. शिरेतून दिल्या जाणाऱ्या कोल्चिसीनवर अमेरिकेने २००८ मध्ये बंदीच आणली. त्याच्या आदल्या वर्षी ठरलेल्या प्रमाणाच्या आठपट तीव्रतेचे इंजेक्शन तयार झाल्याने तेथे तीन रुग्ण दगावले होते.

दुसऱ्या औषधांशी होणारा संयोग हा आणखी एक सापळा. कोल्चिसीनचा निचरा यकृतातील एक विकर, वर उल्लेखिलेला पंप आणि मूत्रपिंड यांच्यामार्फत होतो. क्लॅरिथ्रोमायसिन हे घशाच्या आणि छातीच्या संसर्गावर सर्रास लिहून दिले जाणारे प्रतिजैविक पहिल्या दोन्ही वाटा अडविते. हाँगकाँगमधील २००५ च्या अभ्यासात ही दोन्ही औषधे एकाच वेळी मिळालेल्या ८८ रुग्णांपैकी ९ जण दगावले होते. बुरशीवरील काही औषधे आणि प्रत्यारोपणानंतर दिले जाणारे सायक्लोस्पोरिन यांच्याबाबतही हाच इशारा आहे. मूत्रपिंडे अधू असतील तर नेहमीची मात्राही विष ठरू शकते.

स्वस्त औषधाचा वाली कोण?

ज्या गोळीची नक्कल कोणीही करू शकतो तिच्या चाचणीवर औषध कंपनी पैसा ओतत नाही. हृदयविकारातील प्रमुख चाचण्या उभ्या राहिल्या त्या मुख्यतः क्युबेकचे प्रांतिक सरकार, ऑस्ट्रेलिया आणि कॅनडातील सरकारी संशोधन संस्था यांच्या निधीवर. खासगी कंपनी पुढे आली की काय होऊ शकते याचा नमुना अमेरिकेने पाहिला आहे. तेथे कोल्चिसीन अनेक दशके औपचारिक मान्यतेविनाच विकले जात होते. २००९ मध्ये एका कंपनीने छोट्या चाचण्या करून रीतसर मान्यता आणि त्यासोबत काही वर्षांचा विक्रीचा एकाधिकार मिळविला. नऊ सेंटला मिळणारी गोळी जवळपास पाच डॉलरवर गेली. वरची कमी मात्रेची उपयुक्त माहितीही त्याच खटाटोपातून मिळाली, हेही खरे. भारतात ही गोळी आजही काही रुपयांत मिळते.

युरोपीय हृदयरोग संघटनेने २०२४ मध्ये रोहिणीच्या स्थिर विकाराच्या रुग्णांसाठी अल्प मात्रेतील कोल्चिसीनचा विचार करावा अशी शिफारस केली, ती हॅमिल्टनचा निकाल येण्यापूर्वी. अमेरिकेतील संस्थांच्या २०२५ मधील मार्गदर्शक सूचनांत ताज्या झटक्याच्या रुग्णांसाठी हा पर्याय ठेवला आहे, पण सौम्य शब्दांत. अ‍ॅस्पिरिन, स्टॅटिन, रक्तदाबाचे नियंत्रण आणि धूम्रपान सोडणे यांची जागा ही गोळी घेत नाही. ती द्यायचीच झाली तर या सर्वांच्या जोडीला, मूत्रपिंड आणि यकृताची तपासणी करून आणि रुग्ण घेत असलेल्या इतर सर्व औषधांची यादी पाहूनच द्यायची असते.